वसीला आणि वशिला

परदेशातल्या बिझनेस स्कूलची तयारी आणि तिथं लागणाऱ्या ओळखीपाळखी, या विषयावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. जमाखर्चाशी माझा संबंध वाण्याच्या वहीपुरता. पण परळ-लालबागला आमच्या परिचयातल्या घरांतली मुलंमुली परदेशी शिकायला निघाली, की अर्जाबरोबर द्यायचे निबंध घेऊन माझ्याकडे येतात. 'काका, तुम्ही लिहिता ना, जरा नजर टाका.' गेली पंधरा-सोळा वर्षं हे चाललंय. इंग्रजी त्यांचं माझ्याहून चांगलं असतं. पण लिहिण्यात माणूस दिसतोय की नुसती विशेषणं दिसताहेत, एवढं मला कळतं. या मुलांच्या निमित्तानं मीही पुष्कळ शिकलो. त्यातलंच थोडं आज सांगणार आहे.

ही मुलं परीक्षेला घाबरत नाहीत. परीक्षा आपल्या हाडात मुरलेली आहे. पैशाला घाबरतात, ते रास्तच आहे. पण सगळ्यात जास्त अडतात ती एका शब्दापाशी, आणि तो शब्द म्हणजे नेटवर्किंग. तीन-चार वर्षांपूर्वी लालबागची एक मुलगी माझ्याकडे आली होती. वडील गिरणीत. १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करून त्यांनी मुलांना शिकवलं. मुलगी बी.कॉम. झाली, एका सी.ए. फर्ममध्ये चार वर्षं राबली, आणि अमेरिकेत एम.बी.ए. करायचं तिनं मनावर घेतलं. मला म्हणाली, 'त्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहा, त्यांच्याशी बोला, असं सगळे सांगतात. पण काका, ओळख ना देख, मी कुणापुढं हात का पसरायचा? हा तर वशिला झाला. आमच्या घरात वशिल्यानं कुणाला काही मिळालेलं नाही.' शेवटचं वाक्य तिच्या वडिलांचं होतं, हे मला लगेच ओळखू आलं.

कवी माणूस दुसरं काय करणार, मी शब्दापासून सुरुवात केली. वशिला हा आपल्याकडे आलेला अरबी शब्द. मूळ रूप वसीला. अर्थ, साधन, एखाद्यापर्यंत पोचण्याचा मार्ग. उर्दूत तो आजही मानानं वावरतो. माझी आजी दुआ मागताना वसीला म्हणायची, तेव्हा तिच्या मनात कसलीही लबाडी नसायची. मराठीत येताना 'स'चा 'श' झाला आणि कचेऱ्यांच्या टेबलाखाली शिरून शब्दाची अब्रू गेली. शिफारस हा फारसीतून आलेला. त्याचीही थोडीफार तीच गत. आता बिझनेस स्कूल शिफारसपत्र मागते, माजी विद्यार्थ्यांशी बोला म्हणते, तेव्हा ती वसीला मागत असते, आणि आपल्या मुलांना ऐकू येतो वशिला. लायकी नसलेल्याला आत घेतात तो वशिला. दार कुठं आहे, ते कधी उघडतं हे सांगणारा, किंवा तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेला आणि तसं सांगायला तयार असलेला माणूस, हा वसीला.

आणि हे आपल्याला काही नवं नाही. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईत उतरला की वळकटी घेऊन थेट गावच्या खोलीवर जायचा. लालबाग, परळ, डिलाईल रोडला अशा खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण. एक पाळी कामावर, दुसरी अंथरुणावर. जेवण खानावळवाल्या बाईकडे, ट्रंक भिंतीला, महिन्याची वर्गणी गावच्या मंडळाला. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांचे कूड होते, तेही असेच गावागावांचे. आमच्या रत्नागिरीकडच्या जमातीचीही खोली होती. माझे वडील पहिल्यांदा तिथंच उतरले. नवख्याला त्या रात्री झोपायला जागा मिळायची, आणि सकाळी बातमी. कुठल्या गिरणीत बदली भरताहेत, कुठला जॉबर माणूस शोधतोय, त्याच्यापुढं काय बोलायचं आणि काय नाही. आज अमेरिकेतल्या शाळेत 'करिअर ऑफिस' नावाची वातानुकूलित जागा असते. तिच्या कामाचा बराचसा भाग आपल्या खोलीवर चहाच्या कपाबरोबर उरकायचा.

पण त्याचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. ज्याच्या हातात भरती, तो जॉबर दस्तुरी घ्यायचा. आणि जी ओळख एकाला आत घेते, ती दुसऱ्याला बाहेर ठेवते. माझे वडील साचेखात्यात होते. विणकामाच्या या खात्यात पगार चांगला. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत तिथं दलित कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, त्यामुळे विटाळ होतो, हे कारण. साचेखातं मराठा आणि मुसलमान विणकऱ्यांनी भरलेलं. गाववाल्यानं गाववाल्याला आणलं, भावानं भावाला आणलं, आणि दार कुणासाठी बंद राहिलं याचा हिशेब फारसा कुणी ठेवला नाही. नेटवर्किंगचे गोडवे गाणाऱ्यांनी साचेखातं लक्षात ठेवलेलं बरं.

याच परळमध्ये, पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळीत, आपल्या देशातला सर्वात थोर परदेशी शिकलेला विद्यार्थी राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं चरित्र आपण अनेक अंगांनी वाचतो. 'परदेशी शिकायला निघालेला, पैसे नसलेला, घरात मार्गदर्शक नसलेला मुलगा' या एका अंगानं ते वाचून बघा. शाळेत असताना भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचे. तिथं विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. रोज वाचत बसलेला हा मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा याच केळुसकरांनी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेलं, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करताना हात थरथरणाऱ्यांनी तो करार आठवावा.

केळुसकर गुरुजींनी केलं त्याला वशिला म्हणणार का? त्यांनी मुलगा वाचताना पाहिला होता. कोलंबियात अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी त्यांचा अभ्यास पाहिला, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. पुढं १९२५ मध्ये बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्याची प्रस्तावनाही सेलिग्मन यांची. कोलंबियाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री झाली ती जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला जाताना गाठीशी स्वतःच्या पगाराची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि भथेनांनी दिलेलं कर्ज होतं. आधीची दोन वर्षं ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. १९१३ साली निघालेलं हे कॉलेज आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज मानलं जातं.

मधला एक प्रसंग मात्र फारसा कुणी सांगत नाही. परदेशातून परतल्यावर, सिडनहॅमच्या आधी, त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला होता. सल्ला देणारा कोण, त्याची जात कोणती, हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं. कोलंबियाचं शिक्षण होतं, लंडनला प्रवेश मिळालेला होता, तरी. मुलं मला विचारतात, 'काका, एवढं केल्यावर नक्की जमेल ना?' मी नक्की असं कधी म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष तयारीचं. परीक्षेचा भाग लवकर उरकतो, कारण त्याचे क्लास दादरपासून चर्चगेटपर्यंत गल्लोगल्ली आहेत. जीमॅट ही मुख्य परीक्षा. आता तिचं रूप बदललंय: सव्वादोन तास, तीन भाग, ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५ यांच्या दरम्यान. पूर्वी तीत निबंध असायचा, तो गेला. पुष्कळ शाळा तिच्याऐवजी जीआरईही घेतात. गुण पाच वर्षं चालतात. त्यामुळे नोकरी लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच, अभ्यासाची सवय मोडायच्या आत, परीक्षा देऊन टाकावी. इंग्रजीची टोफेल किंवा आयेल्ट्स वेगळी. तिचे गुण दोनच वर्षं. अर्जाची पहिली फेरी बहुधा सप्टेंबरात, दुसरी जानेवारीच्या आरंभी. गणपती आणि पहिली फेरी एकदमच येतात, हे लालबागच्या मुलांनी ध्यानात ठेवावं! आपली तीन वर्षांची पदवी बऱ्याच एम.बी.ए. शाळांना चालते, पण सगळ्यांना नाही. फी भरण्याआधी ज्या त्या शाळेला विचारून घ्यावं. आणि बहुतेक ठिकाणी कॉलेजातून थेट आलेल्यापेक्षा तीन-चार वर्षं काम केलेला विद्यार्थी त्यांना हवा असतो. वर्गात एकमेकांच्या अनुभवावरच अर्धं शिक्षण होतं, अशी त्यांची समजूत आहे, आणि मला ती पटते.

आता निबंध. इथं माझा थोडा अधिकार आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा निबंधांपैकी सात 'लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड' असेच सुरू होतात. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे सल्लागार आहेत. त्यांचा निबंध मी दुसऱ्या ओळीला ओळखतो, मग हजारो निबंध वाचणारी प्रवेश समिती ओळखत नसेल का? त्या मुलीचाही असाच होता. उत्कटता, दूरदृष्टी, जागतिक भान. मी म्हटलं, हे सगळं राहू दे. ऑफिसबाहेर काय करतेस? 'काही विशेष नाही. चाळीच्या मंडळाची खजिनदार आहे.' किती वर्षं? 'पाच.' पैसे किती फिरतात? तिनं आकडा सांगितला, आणि मी खुर्चीत सरळ बसलो. वर्गणीची पावतीपुस्तकं नंबर घालून देणं, प्रत्येक पुस्तकाची पोच घेणं, मांडववाल्याचं आणि बँडवाल्याचं बिल दोघांच्या सहीशिवाय न देणं, विसर्जनानंतर पंधरा दिवसांत हिशेब चाळीच्या फळ्यावर लावणं. पहिल्या वर्षी तिच्याहून दुप्पट वयाच्या कार्यकर्त्यांनी पावतीपुस्तक परत द्यायला नकार दिला होता, तेही तिनं निस्तरलं. यातलं अक्षरही निबंधात नव्हतं. 'ते काय सांगायचं काका, चाळीतलं.'

चाळीतलं, म्हणून सांगायचं नाही! सत्ता नसताना माणसांना नियम पाळायला लावणं, हेच तर ते शिकवतात. शिवाय फी घेऊन. आम्ही निबंध पुन्हा लिहिला. मी फक्त विशेषणं काढत गेलो, ती आकडे घालत गेली.

शिफारसपत्राची गंमत वेगळी. तिच्या घरच्यांना वाटत होतं, आपल्या नगरसेवकाचं पत्र आणावं, मोठ्या माणसाचं वजन पडेल. हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कुणाला आमदाराचं हवं असतं, कुणाला मंत्र्याच्या पी.ए.चं. त्या शाळांना ते नको असतं. ज्याच्या हाताखाली तुम्ही रोज काम केलंत, त्या साहेबाचं पत्र हवं असतं. प्रश्नही नेमके असतात: या व्यक्तीला तुम्ही कधी चूक दाखवलीत, आणि तिनं त्यावर काय केलं? नगरसेवक याचं काय उत्तर देणार? साहेबाला मात्र दोन महिने आधी सांगावं, आणि आपण केलेल्या पाच-सहा कामांची आठवण एका कागदावर लिहून द्यावी. मजकूर लिहून देऊ नये. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं साहेब म्हणतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणायला शिकणं, हाही तयारीचाच भाग आहे.

पैशाचं सांगतो. अमेरिकेतल्या नामांकित शाळेत दोन वर्षांची फी आणि राहणं मिळून दोन लाख डॉलरच्या वर जातं. एवढं मोठं कर्ज द्यायचं तर बँक बहुधा तारण मागते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीतली खोली बाजारभावानं डोळे फिरतील इतक्या किमतीची असते, पण ती पगडीची. भाडेकरूचा हक्क आहे, मालकी नाही, आणि म्हणून बँक ती गहाण घेत नाही. उपनगरातल्या साध्या मालकीच्या फ्लॅटवर कर्ज मिळतं आणि भर लालबागेतल्या खोलीवर मिळत नाही, हे त्या मुलीच्या वडिलांना समजावताना माझी दमछाक झाली. तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत, व्याज जास्त. म्हणून आधी ट्रस्टांची दारं पाहावीत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देते. जातधर्म विचारत नाही. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन टाटांच्याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना होती; ती २०२२-२३ पासून बंद झाली. आमच्या जमातीतले पालक अजून तिचे फॉर्म विचारत येतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

यांतल्या ट्रस्टांकडे मुलाखत असते, आणि तिथंही गाडी पुन्हा बोलण्यावर, भेटण्यावर येते. तेव्हा आता त्या अनोळखी पत्राकडे वळू.

मी त्या मुलीला म्हटलं, अमेरिकेला नंतर लिही, आधी लोअर परळला लिही. गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत याच शाळांतून शिकून आलेली माणसं बसतात. तुझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. पत्र चार-पाच वाक्यांचं. मी कोण, दोन वाक्यांत. तुम्हालाच का लिहितेय: 'तुम्हीही लेखापरीक्षणातून तिकडे गेलात' असं काहीतरी खरं कारण. मला काय विचारायचंय, एकच गोष्ट. आणि वीस मिनिटं द्याल का. बायोडाटा जोडायचा नाही, नोकरीचं नाव काढायचं नाही. शाळेच्या माहितीपुस्तकात ज्याचं उत्तर आहे ते विचारायचं नाही. विचारायचं ते असं: तुम्ही तिथं असताना कोणता विषय उगाच घेतलात? परत आल्यावर कर्ज फेडायला किती वर्षं लागली? भेट झाली की दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी. आणि चार महिन्यांनी निकाल काय लागला ते कळवायचं, नापास झालात तरी. हे शेवटचं आपली मुलं हमखास विसरतात. ज्यानं वेळ दिला, त्याला पुढं काय झालं याची उत्सुकता असते. गावाकडून आलेल्या पोराला काम लागलं की तो खोलीवर पेढे आणायचाच ना?

तिनं सहा जणांना लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं, दोघं भेटले. एकीनं कमला मिल्सच्या आवारात कॉफी पाजली आणि स्पष्ट सांगितलं, 'तुला कारखान्यांच्या वित्तव्यवहारात जायचं असेल, तर आमच्या शाळेत जाऊ नकोस, दुसऱ्या दोन सांगते.' अर्जाची फी आणि कदाचित दोन वर्षं वाचली. कुणी कुणाचं काम केलं नाही, कुणी कुणाला शब्द टाकला नाही. त्या दिवशी तिच्या डोक्यातला वशिला गेला.

आता तिकडचं. ऑगस्टमध्ये विमानातून उतरलात की सप्टेंबरात कंपन्यांचे लोक शाळेत यायला लागतात, आणि उन्हाळी इंटर्नशिपच्या बऱ्याचशा मुलाखती जानेवारीत होऊन जातात. पुढची नोकरी पुष्कळदा त्याच इंटर्नशिपमधून मिळते. म्हणजे थंडीचे कपडे घ्यायच्या आत ओळखी व्हायला हव्यात. संध्याकाळी मेळावे असतात. एका साहेबाभोवती सहा जणांचं कडं, आणि आपला विद्यार्थी भिंतीला टेकून बशी धरून उभा. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, स्वतःची स्तुती स्वतः करू नये, हे आपले संस्कार. वाईट नाहीत ते. पण त्यावर तोड आहे. स्तुती करू नका, काम सांगा. 'मी उत्तम संघटक आहे' म्हणायला जीभ अडखळते. 'आमच्या मंडळाची पावतीपुस्तकं मी पाच वर्षं सांभाळली' म्हणायला अडखळत नाही. कड्यात शिरलात की आधी शेजारच्याला नाव विचारा, आणि मागं कुणी ताटकळत असेल तर सरकून त्याला जागा द्या. साहेबही ते पाहत असतो. आणि मला हळूच विचारलं जातं म्हणून सांगतो: दारू घेत नसाल तर हातात पाण्याचा ग्लास धरा. कुणी विचारत नाही, कुणाचं काही अडत नाही.

मराठी मंडळांचा आधार जरूर घ्यावा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं. पहिल्या दिवाळीला ती माणसं मायेची वाटतात. पण चोवीस तास आपल्याच खोलीवर बसू नये. गिरणीत जॉबरच गावचा होता म्हणून गावची खोली पुरायची. तिथं भरती करणारा गावचा नसतो.

परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न विचारला जातो, जो स्थानिकाला कुणी विचारत नाही: तुम्हाला व्हिसासाठी आमची मदत लागेल का? खरं उत्तर द्यावं, आणि नियम आपल्याला कंपनीच्या माणसापेक्षा जास्त ठाऊक असावेत. अमेरिकेत पदवीनंतर सर्वसाधारणपणे बारा महिने काम करता येतं. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत असेल, तर आणखी चोवीस महिने. काही एम.बी.ए. त्या यादीत आहेत, काही नाहीत. प्रवेश घेण्याआधी हे पाहिलं नाही तर दोन वर्षांचा फरक पडतो. त्यानंतरच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ब्रिटननं जुलै २०२१ मध्ये पदवीधरांना दोन वर्षं थांबण्याची सोय केली होती. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती अठरा महिन्यांवर आणायचं ठरवलंय. म्हणून कर्जाचा हिशेब दोनदा मांडावा: एकदा तिकडच्या पगारावर, एकदा इथल्या. दुसरा हिशेब जमत नसेल, तर मी मुलांना स्वच्छ सांगतो की थांबा. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्यानं सुरू झालेली आहे. लोकलच्या पासात पोचता येतं.

राहिलं नाव. माझं नाव ऐकलं की समोरचा माणूस आपसूक हिंदीत शिरतो. मी मराठीत उत्तर देतो, मग तो माझ्या मराठीचं कौतुक करतो. सवय झालीय. एकदा भाड्याची जागा बघायला गेलो होतो. फोनवर माझी भाषा ऐकून 'या' म्हणाले, दारात नाव ऐकून जागा कालच गेली म्हणाले. त्यामुळे आमच्या जमातीतला एक मुलगा जेव्हा विचारायला आला, 'चाचा, अर्जावर नाव छोटं करून इंग्रजांसारखं करू का?', तेव्हा मी त्याला हसलो नाही. त्याची भीती खरी आहे. नाव त्याचं, निर्णय त्याचा. मी एवढंच सुचवलं की पूर्ण नाव लिही, आणि खाली एका ओळीत ते कसं उच्चारायचं तेही लिही. त्यानं तसं केलं.

लालबागच्या मुलीच्या नावात 'ज्ञ' आहे. तिनंही सहीखाली उच्चार लिहिला होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीनदा प्रयत्न केला, हसल्या, सोडून दिला. तीस मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. 'ज्ञ' त्यांना शेवटपर्यंत आला नाही, पण पावतीपुस्तक परत न देणाऱ्या कार्यकर्त्यांचं पुढं काय केलंस, हे त्यांनी दोनदा विचारलं.